सोळातला एकच राबतो

कॉम्प्युटरचा डबा पोटाशी धरून ती दुकानात शिरली तेव्हा तिला खरं तर फक्त कुठेतरी टेकायचं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसातून जिना उतरताना डब्याची कड दंडात रुतली होती. डबा काउंटरवर ठेवून, समोरच्याकडे न बघताच ती म्हणाली, “सोळा कोअरचं मशीन द्या. यातलं सगळं त्यात भरून.”

“कशासाठी?”

“कामासाठी. खेळायचं वय गेलं माझं.”

“वय नाही विचारलं मी...” दुरुस्तीवाला हळूच म्हणाला. तेव्हा कुठे तिने त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर सरकवलेला चष्मा, बोटाला चिकटपट्टी.

ती इमारतींचे नकाशे काढायची. सध्या एका इस्पितळाचा नकाशा हाती होता, आणि तो नुसता उघडायलाच चार मिनिटं लागत. साहेबांनी नव्या मशीनला परवानगी दिली होती. कोणतं घ्यायचं, ते परगावच्या दादाने ठरवलं होतं – “कोअर जास्त तितकं मशीन पळतं. डोळे झाकून सोळा घे.” दादा सगळी मदत फोनवरूनच करायचा.

“सोळा कोअरचं एक आहे इथे. त्यावर तुमचा नकाशा उघडून बघू आधी,” तो म्हणाला. “बसा.”

ती स्टुलावर बसली, भिंतीला डोकं टेकलं – आणि तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलेलं होतं. तो उंबरठ्याबाहेर उभा राहून एका गिऱ्हाइकाशी अगदी दबक्या आवाजात बोलत होता.

“किती वेळ झाला?” ती गडबडून उठली.

“पाऊण तास.”

“नकाशा उघडायला?”

“नकाशाला साडेतीन मिनिटं. उरलेला वेळ तुम्हाला उठवायचा धीर गोळा करत होतो.”

तिला हसू आलं. किती दिवसांनी, कोण जाणे.

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर सोळा चौकटी होत्या – एकेका कोअरची, म्हणजे मशीनच्या एकेका मेंदूची, एक. एक गळ्यापर्यंत भरलेली, बाकीच्या जवळजवळ रिकाम्या. “तुमचं सॉफ्टवेअर काम वाटून देत नाही. सोळातला एकच राबतो, पंधरा बसून असतात. त्यापेक्षा सहाच कोअर घ्या, पण एकेक चपळ असलेला.”

ती त्या भरलेल्या चौकटीकडे बघत राहिली. “आम्ही चार भावंडं आहोत,” ती म्हणाली. त्याने पुढे काही विचारलं नाही.

सहा कोअरचं नवं मशीन आलं. नकाशा दीड मिनिटात उघडू लागला. आठ दिवस तिने मनातल्या मनात दुरुस्तीवाल्याला दुवा दिला, आणि नवव्या दिवशी तणतणत दुकानात आली.

“फसवलंत मला! साहेबांना इमारतीची रंगीत चित्रं हवीत – बांधल्यावर दिसेल तशी. एकेका चित्राला मशीन दिवसभर घुरघुरतं. शुक्रवारी दाखवायचीत, अजून अकरा बाकी आहेत.”

त्याचा चेहरा उतरला. “चित्रं... चित्रांचं काम सगळ्या कोअरना वाटून जातं. तिथे सोळाच हवे होते. चूक माझी. तुम्ही आणखी काय काय करता, ते मी विचारलंच नाही.”

“कुणीच विचारत नाही,” तिच्या तोंडून निघून गेलं.

“मी विचारतो. सांगा.”

मग तिने सांगितलं. पहाटे पाचला बाबांना उठवणं. त्यांना उजवा हात उचलवत नाही, म्हणून आंघोळ घालणं, भरवणं, औषधं. मग ऑफिस. दुपारी शेजारणीला फोन – बाबा जेवले का? संध्याकाळी परत तेच. दादाचे सल्ले, धाकट्या दोघींचे उसासे. तो चष्मा हातात घेऊन ऐकत राहिला. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्याने “उद्या या” म्हणून परत पाठवलं.

“चित्रं इथे आणा,” शेवटी तो म्हणाला. “सोळावालं मशीन रिकामंच आहे. तुम्ही नकाशे करा, चित्रं मी चालवतो.”

शुक्रवारपर्यंत बाराही चित्रं झाली. काम संपलं, पण तिचं येणं संपलं नाही. कधी माऊसचं निमित्त, कधी वायरचं.

“ही वायर तर मागच्या आठवड्यातच नेलीत,” तो एकदा म्हणाला.

“हरवली.”

“तुमच्या पर्समधून डोकावतेय.”

ती कानापर्यंत लाल झाली. त्याने मात्र गुपचूप दुसरी वायर पुढे केली.

एका संध्याकाळी ती आली आणि स्टुलावर बसली. चेहरा ओढलेला होता. “दादाला सांगितलं – बाबांना दोन महिने तू ने. पहिल्यांदाच बोलले. तो म्हणाला, बघतो.”

“बघेल?”

“कोण जाणे. पण मी बोलले.”

तो काउंटरमागून बाहेर आला आणि तिच्यासमोर जमिनीवरच, खोक्याला टेकून बसला. “मला एक बोलायचंय. सल्ला नाही... तुम्ही यायच्या वेळेला मी हल्ली दुसरं काम काढतच नाही. मला तुम्ही आवडता. बाबांचं सगळं धरून. मला थोडा हातभार लावू द्याल?”

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागत होते. तिला खूप काही म्हणायचं होतं – भीती वाटते, उशीर झालाय, लोक काय म्हणतील.

“आज मी फार दमलेय,” ती एवढंच म्हणाली. “धड उत्तरही देता यायचं नाही.”

“घाई नाही.” त्याने मान खाली घातली.

ती उठली. दारापर्यंत गेली. थांबली.

“उद्या सुट्टी आहे, बाबांना घरामागच्या बागेत न्यायचंय... तीन पायऱ्या आहेत. एकटीला जमत नाही.” आणि मग, मागे न वळताच – “दहाला ये. उशीर नको करूस.”

तो धडपडत उभा राहिला. ‘ये’ म्हणाली होती ती. ‘या’ नाही.