तुंबडीनं ओढलेली भीती

आखितीच्या सणाला धाकट्या बहिणीला, कडूबाईला, माहेरी न्यायचं, एवढ्याच कामासाठी तुळजाबाई गेवराईहून बैलगाडीनं चकलांब्याला आली होती. पाटीत शेवया होत्या आणि मनात एकच घोर. कडूबाई दोन महिन्यांपासून बोलत नव्हती.

गाठीच्या तापानं घराघरात उंदीर पडू लागले तेव्हा सगळं गाव शेतातल्या झोपड्यांत राहायला गेलं होतं. पाटलाच्या माजघरात मागे राहिल्या दोघी. एक कडूबाई आणि दुसरी तिची सासू बायडाबाई, जिला ती आत्याबाई म्हणे. विळ्यानं बोट तुटल्यामुळे म्हातारीच्या उजव्या हाताला चारच बोटं होती. तीन दिवसांनी दार उघडलं तेव्हा म्हातारी मेलेली होती, आणि कडूबाई तिच्या उशाशी बसलेली. डोळे उघडे, तोंड मिटलेलं.

सासरे आप्पाराव पाटील येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत, "म्हातारी आदीच गेलती. दार लावून मानसं बोलवाया गेलो, तर तापाच्या बंदोबस्ताला आलेल्या दारोग्यानं वाट अडवली. पोरगी आत हाय हे कुनाला ठावं?" यावर गावातली शहाणीसुरती माणसं माना डोलवत. पाटील बोलला की मान डोलवायची, एवढीच अक्कल त्यांनी जन्मभर कमावली होती.

तुळजानं बहिणीला काही विचारलं नाही. पहाटे उठून ती जात्यापाशी तिच्यासमोर बसली. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. बाई जे कुणाला सांगत नाही ते जात्याला सांगते, हे तिनं आईकडे पाहिलं होतं. दोन पहाटा नुसती घरघर झाली. तिसऱ्या पहाटे पीठ पडता पडता कडूबाईचे ओठ हलले.

"कडी... अक्का, कडी भाइरून..."

भिंतीपलीकडे आप्पाराव खाकरले. कडूबाईचा हात खुंट्यावरून गळून पडला.

त्याच दिवशी भर बाराच्या उन्हात आप्पारावांनी बोलावलेली साखराबाई आली. गुडघे सुजले, रक्त साकळलं की लोक तिच्याकडून तुंबडी, म्हणजे रक्त ओढायचं शिंग, लावून घेत. दचकलेल्या माणसाची भीतीही ती त्याच शिंगानं ओढून काढते, असं म्हणत.

"मामा, दोन दिस थांबा," तुळजा आप्पारावांना म्हणाली. "ती बोलाया लागलीय."

"बोलून भीती वाढती, पोरी. बाईमानसानं असलं तोंडातून काढू न्हाई."

"मग तोंड कशाला दिलंय द्येवानं? तुमचं झाकाया?"

ओसरीवरच्या म्हाताऱ्यांनी चुकचुक केलं. साखराबाईनं तुळजाच्या हातात मडकं कोंबलं. "धर. लई बोलू नगंस."

बैलाच्या शिंगाची ती तुंबडी आतून लाखेसारखी काळी झाली होती. किती जणांचं रक्त त्यात वाळलं होतं कोण जाणे. साखराबाईनं जिभेखालून शिंगाचं भोक बुजवायची मेणाची गोळी काढली, पाहिली, पुन्हा तोंडात टाकली. कडूबाईच्या मानेवर वस्तऱ्यानं तीन चिरा मारल्या, शिंग टेकवलं आणि मिश्रीनं काळ्या पडलेल्या ओठांनी ती ओढू लागली. तिचे गाल आत गेले. चिखलात रुतलेला पाय म्हशीनं उपसावा तसा आवाज येत होता. मग ती मडक्यात थुंकली.

रक्त नव्हतं ते. काळं, तार धरणारं, कोमट काहीतरी. त्यात उंदराचे केस होते. कणगीमागे उंदीर सडल्यावर येतो तो वास तुळजाच्या टाळूला जाऊन चिकटला. साखराबाईच्या दातांत एक लांब केस अडकला होता. तिनं तो बोटानं ओढत ओढत काढला. पांढराशुभ्र. कडूबाईच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता. तुळजानं मडकं अंगापासून लांब धरलं.

मडक्याच्या तोंडावर साखराबाईनं चिखलाची भाकर थापली. "जितं भ्याली तितं ठिवा. दिस बुडला की पुरा. तवर दार तेवडं उघडं असू द्या, पाटील."

आप्पारावांनी मडकं माजघरात ठेवलं आणि सवयीनं बाहेरून कडी घातली.

इकडे कडूबाई हसली. "अक्का, कवा आलीस गं? आत्याबाई कुटं गेल्यात?"

"झाली बरी!" म्हातारे म्हणाले. तुळजानं बहिणीचे डोळे पाहिले. घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखे. तुंबडीपेक्षा ते हसू तिला जास्त भयाण वाटलं.

तेवढ्यात माजघराचं दार आतून खरवडल्यासारखं वाजलं. खर्र... खर्र...

"उंदरं असत्याल," आप्पाराव म्हणाले.

"मामंजी..." आतून आवाज आला. कडूबाईचाच. "कडी काढा... आत्याबाई जित्या हायत..."

कडूबाई तर तुळजाच्या शेजारी बसून पदरानं मान पुसत हसत होती.

तुळजानं धावत जाऊन कडी काढली. आत कुणी नव्हतं. मडकं होतं तिथेच, चिखल जसाच्या तसा. तिनं ते उचललं आणि अंगणातल्या दगडावर आपटलं. मडकं कोरडं ठणठणीत होतं. चिखलाची भाकर पालथी होऊन पडली. तिच्या आतल्या अंगाला नखांचे ओरखडे होते. एका बाजूला पाच. दुसऱ्या बाजूला चार.

कडूबाईचं हसू गळालं. ती गुरासारखी हंबरली, आणि मग बोलू लागली.

"जित्या हुत्या, अक्का. पाटलाच्या घरात गाठ निघाली म्हनून कळलं तर पाटिलकी जाईल, म्हनले मामंजी. भाइरून कडी घातली. दोन राती आमी दोगी दार खरवडीत हुतो..."

या वेळी एकाही म्हाताऱ्याची मान डोलली नाही. त्यांना पायाखालची जमीन अचानक फार पाहण्यासारखी वाटू लागली.

तुळजानं बहिणीला गाडीत बसवलं. ती रडत होती, बोलत होती, थांबून पुन्हा बोलत होती. तुळजानं तिचा हात खुंट्यासारखा घट्ट धरला. मागे आप्पारावांनी माजघराचं दार ओढून घेतलं, आणि कडी घातली.

आतून लगेच वाजलं. टक, टक, टक, टक. थोडं थांबून पुन्हा चारदा.

आप्पाराव दचकून कडी काढायला गेले. दोन्ही हातांनी ओढू लागले. कडी निघेना.

कडूबाईनं मागे वळून पाहिलं नाही. "म्या खरवडायचं सोडलं, तवाबी आत्याबाई वाजवीतच हुत्या," ती हळूच म्हणाली. "त्या थकत न्हाईत गं, अक्का..."

गाडी वेशीबाहेर आली. गाव मागे पडलं. तरी ते वाजणं ऐकू येतच होतं, चार आणि पुन्हा चार. आणि ते मागून येत नव्हतं. गाडीच्या फळ्यांखालून येत होतं.