शांत नौकेतली गुणगुण

"भांड्याला भांडं लागलं की आवाज होणारच, पोरी. नाही झाला, तर काळजी करावी…" आई हे म्हणाली तेव्हा ती लहान होती. मोठेपणी नेमकी वाजणारी भांडी हुडकायचीच नोकरी तिच्या पदरी आली. गोदीत नौदलासाठी युद्धनौका बांधत होते. अशी, की रडारला मासेमारीची होडी वाटावी आणि पाण्याखालून कान लावणाऱ्याला काही ऐकूच येऊ नये. तिच्यात कुठे काय वाजतंय, ते हेडफोन लावून शोधायचं हे हिचं काम.

पंपाच्या खोलीत त्याची गाठ पडली. हेडफोन लावून ती वाकून आत शिरली, तर एक फिटर पाइपला गाल टेकून, डोळे मिटून गुणगुणत होता. तिने ओठांवर बोट ठेवलं. त्याने एकच डोळा उघडला.

"पाणी सुरात वाहतंय का, ते बघतोय."

तेव्हापासून चहाला दोघं एकाच बाकावर. तो चिडवायचा, की तू या नौकेची सख्खी बहीण, मनात काय चाललंय त्याचा कुणाला थांग लागू देत नाहीस. ती हसून विषय बदलायची. शब्द ओठांवर यायचे… आणि चहाच्या घोटाबरोबर खाली जायचे.

आज शांततेची शेवटची चाचणी होती. ती पार पडली, की सकाळी नौका लांबच्या सफरीवर, आणि तिच्यावरचे पंप सांभाळायला तोही.

यंत्रं मंदावली. माणसांनी श्वास रोखले. तेवढ्यात वरच्या नियंत्रण-खोलीत तिच्या हेडफोनमध्ये खालच्या पंपाच्या खोलीतून एक बारीक, लाडिक थरथर आली.

शेजारी दुसरा हेडफोन लावून बसलेल्या मुख्य अभियंत्यांनी कपाळाला हात लावला. "बेअरिंग गेलं. सगळं उघडावं लागणार. आता महिनोन्महिने नौका हलत नाही."

महिनोन्महिने… तो बाक, तो चहा, ते चिडवणं. नुसतं गप्प तर राहायचं होतं, आणि ते तर तिच्या हातचा मळ.

हेडफोनमध्ये गुणगुणीने एक गिरकी घेतली. तिला हसू आवरेना.

"साहेब, बेअरिंग ठणठणीत आहे."

"मग वाजतंय काय?"

"फिटर."

खोलीत खसखस पिकली. खाली ताकीद गेली, आणि चाचणी पार पडली.

तो शिडी चढून वर आला, तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एवढ्या यंत्रांत माझा आवाज ओळखलास कसा, त्याने हळूच विचारलं.

तिने हेडफोन काढून हातात धरला. या वेळी विषय बदलला नाही.

"घरी गेल्यावरही तोच कानात असतो," ती म्हणाली. "जाऊन ये. आणि आलास की… आपली भांडी एकाच घरात वाजू देत."