झाकणाच्या आतली ओळ

आमच्या वर्कशॉपला बोर्ड नाही. कंधारात बसस्टँडवर कोणालाही विचारा, पिकअपवाला अमरनाथ म्हणलं की माणूस दारापर्यंत आणून सोडतो. पुढं अंगण, अंगणावर पत्रे, पत्र्याखाली एका टायमाला दोन गाड्या. मागं घर. भाकरी झाली की उमादेवी, म्हणजे आमची मंडळी, हाक मारते. मी गाडीखालून निघतो, हात आधी डिझेलनं धुतो, मग साबणानं धुतो. तरी ती म्हणते, डिझेलचा वास येतो. तीस वर्षं झाली, वास येतो म्हणते आणि वाढते. माझं काही वाईट चाललेलं नाही.

काम म्हणाल तर इंजिन खोलणं, माल जास्त भरायचा असला की खाली स्प्रिंगचे पाटे वाढवणं, हौद्याचे फाळके उंच करणं. हदगावकडून सोयाबीन भरून येणारे लोकसुद्धा पाट्याच्या कामाला माझ्याकडंच येतात. जरा मोठेपणा वाटेल, पण खरं ते सांगून राहिलो.

हे काम मला माझ्या वडिलांनी, महादेवप्पांनी शिकवलं. त्यांची एक पद्धत होती, ती मी अजून मोडली नाही. इंजिनाच्या वर टॅपेटचं झाकण असतं. काम संपलं, की ते शेवटचं बसवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला आखणीच्या सुईनं एक ओळ कोरायची. तारीख, मीटरवरचे किलोमीटर आणि शेवटी बेलाच्या पानासारखे तीन ठिपके. पुढच्या खेपेला झाकण उघडलं की गाडीचा इतिहास समोर. वडील म्हणायचे, "गिऱ्हाईक थापा मारील, झाकण न्हाई मारणार." आणि एक दंडक होता: काम झाल्याबिगर लिहायचं नाही. गाडी बहादरपुऱ्याच्या पुलापर्यंत ट्रायलला न्यायची, जाऊन येऊन बरोबर चार किलोमीटर, परत बोल्ट कसायचे आणि मगच सुई हातात घ्यायची.

वडील २०११ साली गेले. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला बसवून नेतात. दारात जी पिकअप दुरुस्त होऊन उभी होती, तिच्याच हौद्यात त्यांना बसवलं. मीच चालवली. रुद्रभूमी, म्हणजे आमचं स्मशान, घरापासून तीन किलोमीटर आहे, पहिल्या गिअरमध्ये नेली. त्या दिवसापासून मी तीन ठिपक्यांवर भस्माच्या पट्ट्यासारखी एक आडवी रेघ कोरतो. ज्यानं शिकवलं तो गेला, एवढंच त्यातून कळावं.

आता शेषेरावच्या गाडीचं सांगतो.

शेषेराव हदगावकडचा. पांढरी पिकअप, कापूस वाहायची. २०२३ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा माझ्या दारात आली. त्याआधी ना मी ती गाडी पाहिली होती ना तो माणूस. टॅपेट वाजत होते. मीटर बघितलं, ४८,३१० झाले होते. झाकण खोलून उलटं केलं आणि बघतच राहिलो. आत एक ओळ कोरलेली होती. तारीख त्याच दिवसाची. किलोमीटर ४८,३१४. पुढं तीन ठिपके आणि वर एक रेघ. अक्षर माझं. माझा अंगठा लहानपणी इंजिनाच्या पट्ट्यात सापडून वाकडा झालाय, त्यामुळं माझे आकडे डावीकडं कलतात. तसेच कललेले.

मी काही भुताखेताचा माणूस नाही. म्हणलं, कबाडीतून आणलेलं झाकण असेल. पण तारीख आजची कशी? म्हणलं, मीच मघाशी कोरलं आणि विसरलो असेन. उमादेवी म्हणाली, तुमची शुगर बघून घ्या. बघितली. शुगर माझ्याहून शहाणी निघाली, एकदम जागेवर. मग काम केलं, पुलापर्यंत जाऊन आलो, मीटर बघितलं. ४८,३१४. ओळ आधीच होती म्हणून मी काही कोरलं नाही. झाकण लावलं, गाडी दिली.

वर्षभरानं ती परत आली. या खेपेला मी उमादेवीला बाजूला उभं केलं आणि तिच्यासमोर झाकण खोललं. पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ होती. त्याच दिवसाची तारीख, मीटरपेक्षा चार जास्त, माझं अक्षर. उमादेवीनं ओळ वाचली. आत जाऊन विभूती आणली आणि गाडीच्या काचेला तीन बोटं ओढली. संध्याकाळी मला म्हणाली, कामात चूक तर न्हाई ना लिहिलेली? मी म्हणलं, न्हाई. मग राहू द्या, म्हणाली. बाईचं डोकं हिशेबी. मलाही पटलं. चांगल्या कामाची नोंद आधी झाली काय आणि मागून झाली काय.

पण एक गोष्ट मी तिलाही बोललो नाही. त्या झाकणाला माझी सुई आजवर एकदाही लागलेली नाही.

आता मनातलं सांगतो. आम्हाला एकच लेक, दामिनी. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातून यंदा इंजिनिअर झाली. लहानपणापासून गाडीखाली माझ्या शेजारी पडून वाढलेली. कान असा की इंजिन चालू केलं की कोणता टॅपेट वाजतो ते सांगते. माझ्या मागं हे पत्रे कोणाचे, हा एकच घोर मला होता. पण पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं, सोमवारी, सात जुलैला रुजू व्हायचं होतं. मी पेढे वाटले. लेकीला थांब म्हणणं म्हणजे तिचे पाय बांधणं. मी एका शब्दानं बोललो नाही आणि तिनंही विचारलं नाही.

काल शनिवारी सकाळी शेषेराव गाडी ओढून घेऊन आला. ऑइलमध्ये पाणी उतरलं होतं, म्हणजे इंजिनाचं हेड खोलायचं काम. तो बसनं परत गेला. दामिनी दुपारच्या बसनं नांदेडहून सामान घेऊन यायची होती, आणि रविवारी रात्री पुण्याला निघायची होती.

मी झाकण खोललं. खरं सांगतो, या खेपेला मी वाटच बघत होतो.

तिसरी ओळ होती. पण अक्षर माझं नव्हतं. आकडे सरळ, चौकोनी, इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगात काढतात तसे. सात कसा काढते, शून्य कसं बंद करते, मी दहा वर्षं बघतोय. दामिनीचं अक्षर.

तारीख ७-७-२५. सोमवार.

सोमवारी ती पुण्यात नाही. सोमवारी ती इथं, या पत्र्याखाली, हातात सुई घेऊन उभी आहे. मला इतका आनंद झाला की मी झाकण छातीशी धरलं, बनियनला सगळं ऑइल लागलं. उमादेवीला हाक मारायला तोंड उघडलं.

मग ओळीच्या शेवटी साचलेलं ऑइल मी फडक्यानं पुसलं.

तीन ठिपके. वर दोन रेघा.

मी हाक मारली नाही.

दामिनी आली. मी तिला चहासुद्धा पिऊ दिला नाही. म्हणलं, तू आजच निघ, उद्याच्या गाडीला गर्दी असती. मला वाटलं, ती इथं नसलीच तर ओळ कोण कोरणार? तिनं बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडं बघून हसली.

"अप्पा, मी पुण्याला न्हाई म्हणून कळवलंय. परवाच कळवलं."

"का म्हणून?"

"तिथं मला कॉम्प्युटरपुढं बसवणार. इंजिनाला हात कोण लावू देणार? मला इथं बरं वाटतं, अप्पा."

मी गाडीखालच्या कामाच्या खड्ड्याच्या काठावर बसलो. डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. इतक्या वर्षांत जे मागितलं नाही ते पोरीनं आपण होऊन दिलं, तेही मी झाकण खोलायच्या आधी. उमादेवी आतून म्हणाली, दोघं रडून झालं असलं तर हात धुऊन जेवायला या.

काल दुपारी आणि आज दिवसभर आम्ही दोघांनी मिळून हेड केलं. पॅकिंग तिनंच बसवलं, बोल्ट तिनंच कसले, मी नुसता पाने देत होतो. झाकण तेवढं मी माझ्या हातानं लावलं, त्याची आतली बाजू तिला दिसू दिली नाही. असा दिवस मला आठवत नाही. मध्येच मी चढून पत्र्यावरची पानं काढली. दम लागला नाही. छातीत काही नाही, डोकं दुखत नाही. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दिवेलागणीला इंजिन चालू केलं. शिवणयंत्रासारखा आवाज. आता रात्रभर थंड होऊ द्यायचं, सकाळी ट्रायल, परत कसणं, मग लिहिणं. मी वडिलांची सुई कपाटातून काढून दामिनीच्या हातात दिली. म्हणलं, या खेपेला ओळ तुझी.

तिनं सुई उलटसुलट करून बघितली.

"खूण तुमच्यासारखीच काढू ना? तीन ठिपके आन एक रेघ?"

"उद्या बघ," मी म्हणलं.

ती आईला मदत करायला आत गेली. मी एकटाच गाडीत बसून मीटर बघितलं. १,१२,३४०. झाकणावरचा आकडा मला पाठ आहे. १,१२,३४६.

आमची ट्रायल चारची असते.

मी खाली उतरलो. हौदा झाडून घेतला, फाळक्याची खीळ ढिली होती ती ठोकली. टाकीत डिझेल थोडंच होतं, सहा किलोमीटरला पुरलं असतं. तरी दोन लिटर ओतून ठेवलं. पहिल्या गिअरमध्ये जास्त लागतं.