ज्योतीत चिमूटभर मीठ

लेझरच्या खोलीच्या दारातच योगराज माझ्यावर आदळला. दोघांच्याही डोळ्यांवर केशरी चष्मे, आत अंधार.

"सॉरी मॅडम, तुम्ही दिसलाच नाहीत!"

"मग आता नीट बघून घ्या," मी बोलून गेले... आणि स्वतःच लाजले.

त्यानंतर वर्षभर तो नीटच बघत होता! शिरपूरच्या कॉलेजात मी पीएचडी करत होते, तो बर्नर आणि गॅसच्या नळ्या सांभाळायचा. ज्योतीत ओएच नावाचे कण असतात, भारी चंचल. जन्मले की लगेच दुसऱ्याशी जुळून संपतात. लेझर पडला की क्षणभर चमकतात, तेवढ्यात कॅमेऱ्याने टिपायचे. काल ते इतके सुरेख दिसले की अख्खा विभाग बघायला लोटला. आज समिती येणार होती. कण दिसले नाहीत तर लेझर पुण्याला जाणार आणि माझी पीएचडी बुडणार.

सकाळी येऊन बघते तर निळी ज्योत पिवळीधमक! कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसता पांढरा गोंधळ.

"योगराज, काय केलंत तुम्ही?"

तो घाबरला की घरची अहिराणी बोलायचा. "मन्ही चूक शे... मी दिष्ट काढी. मीठ विस्तवमाच टाकनं पडस ना."

आणि इथे विस्तव एकच, माझा बर्नर! मिठाच्या पिवळ्या उजेडात कण कुठले दिसायला!

"यंत्राची दृष्ट काढता?" मला रडूच फुटलं.

"यंत्रनी नही..." तो हळूच म्हणाला. "तुमनी. काल बठ्ठा लोक तुमलेच देखेत."

"अहो, पण दृष्ट काढलीत तेव्हा मी इथे नव्हतेच!"

"तुमनी खुर्ची व्हती ना."

बाहेर पावलं वाजली. योगराजने गॅस बंद केला, बर्नरची तापलेली जाळी तशीच ओढून काढली, नवी बसवली. मग काडी ओढली. ज्योत आधी पिवळी... मग निळी झाली.

समिती आत आली. मी लेझर सोडला. पडदा काळाच. मी लेझर पुन्हा जरासा जुळवला — आणि ज्योतीच्या कडेने एक उजळ रेघ उमटली.

"सुलक्षणा, लेझर इथेच राहील," अध्यक्षबाई म्हणाल्या.

सगळे गेल्यावर मी योगराजचं भाजलेलं बोट नळाखाली धरलं.

"यापुढे माझ्यावरून ओवाळलेलं मीठ बर्नरमध्ये टाकायचं नाही. घरच्या चुलीत टाकायचं."

"कोणाच्या घरच्या?" त्याने विचारलं. बोट मी अजून सोडलं नव्हतं.

"आपल्या दोघांच्या," मी म्हणाले.