मेथीच्या वाफ्यात मासळी

विहिरीत पोहरा पडला तेव्हा मला रडूच कोसळणार होतं, पण तेवढ्यात मागे सायकलची घंटी वाजली आणि मी ते गिळून टाकलं.

"पडला का?" सायकलवाल्याने विचारलं.

"नाही. पोहायला सोडलाय."

तो हसला. उंच, सावळा, गळ्यात तुळशीची माळ, शर्टाच्या बाह्यांना ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं. "मी काढून देऊ?"

"नको. माझा मी काढीन."

मी दोरीला बांधून गळ सोडला. गळ आपला पाण्यात फिरतोय, पोहरा काही लागत नाही. घामाने पदर भिजला, हात भरून आले. बऱ्याच वेळाने मागे पाहिलं, तर हा बाबा माडाला सायकल टेकवून अजून उभाच!

"तुम्ही का थांबलात?"

"तहान लागली आहे. तुमचा पोहरा निघाल्याशिवाय मला पाणी कसं मिळणार?"

पोहरा अखेर मीच काढला. त्याने ओंजळीने पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "मचूळ आहे… पण गोड लागलं."

लबाड! मी घागर उचलली. घरी पोचेपर्यंत मात्र उगाचच हसू येत होतं.

तो भगवंत. अकोल्याकडचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम तेव्हा जोरात चाललं होतं, तिथे वेल्डर होता. मी नर्मदा, जालन्याकडची, चिंचणीच्या बालवाडीतली बाई. दोघंही कोरड्या मुलखातली. समुद्र आम्ही नकाशात निळा रंगवला होता तेवढाच.

वडील गेल्यावर मी भावाकडे राहिले. भाऊ वाईट नव्हता. पण भाकरी वाढताना वहिनीचा हात जरासा थांबायचा, दुसरी वाढू की नको म्हणून. तेवढ्यानेच माझं पोट भरायचं. नोकरी लागली तेव्हा भाऊ म्हणाला, "जा. हौस फिटली की ये परत." मी त्याच क्षणी ठरवलं, परत यायचं नाही आणि आयुष्यात कोणाकडे काही मागायचं नाही. आपला हात जगन्नाथ.

चिंचणीत मासळी विकणाऱ्या जमुनामावशीच्या घरामागची खोली मला मिळाली. खाट टाकली की चालायला वाट उरत नसे. पण मागे दोन चटया अंथरता येतील एवढी जागा होती आणि तिला कमरेइतका काठ्यांचा कूड होता. तिथे मी मेथी लावली, मुळा लावला, वांग्याची रोपं लावली. कौलांवर दुधीचा वेल चढवला. आंघोळीचं पाणी वांग्यांना, चुलीची राख आधी भांड्यांना आणि उरली तर वाफ्याला. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. धान्य, तेल, मीठ सोडलं तर बाजारात माझं काही अडत नव्हतं.

अडायचं ते संध्याकाळी. दिवसभर पोरांबरोबर गाणी म्हणणारा माझा गळा घरी आल्यावर बंद व्हायचा. बोलणार कोणाशी? सुरूच्या झाडांतून समुद्राचा आवाज येत राही. कधी कधी मी वांग्याच्या रोपांशी बोलायची. ती मुकाट ऐकून घेत, एवढंच.

मग भगवंत रविवारचा येऊ लागला. जमुनामावशीकडे, मासळी विचारायला.

"माळकरी हाय, मासं खात नाय, नि दर आयतवारी माज्या दारात बोंबलाचा भाव इचारतो," मावशी एकदा पाटी उतरवत म्हणाली. "भाव इचारतो माला नि बगतो तुमच्या कुडाकडं! तुमाला काय कलतं का नाय गो बाय?"

"मला काय करायचंय," मी म्हणाले आणि पुढच्या रविवारी वेणी दोनदा घातली.

एकट्या बाईच्या खोलीत पुरुषाने येणं बरं दिसलं नसतं. म्हणून तो कुडाच्या पलीकडे उभा राही आणि मी अलीकडे तण काढत बसे. तेवढं तण वाफ्यात नसायचंच.

"वांगं धरलं वाटतं," तो म्हणे.

"नजर लावू नका."

"वांग्याला नाही लावत."

मी खुरपं अजून खोल घालायची.

मेथी मात्र काही केल्या वर येईना. तिची खुरटलेली पानं भगवंतने पाहिली. पुढच्या रविवारी आला तो सायकलला पिशवी अडकवून, नाकाला रुमाल बांधून.

"इकडची माणसं झाडांना मासळी घालतात म्हणे. मुद्दाम सातपाटी बंदरावर जाऊन आणली. चांगली खारवलेली आहे, टिकाऊ!"

मी नको म्हणणार होते. जिभेवर आलंही होतं. पण जन्मात मासळीला हात न लावलेला माळकरी नाकाला रुमाल बांधून उन्हातान्हात सातपाटीहून येतो… नाही कसं म्हणू? त्या दिवशी तो पहिल्यांदा कुडाच्या आत आला. आम्ही दोघांनी मिळून वाफ्यात मासळी पुरली. मातीत एकदा त्याचा हात माझ्या हाताला लागला… आणि काढून घ्यायची घाई कोणीच केली नाही.

चार दिवसांत मेथीने माना टाकल्या. वांग्यांची पानं कडेने जळत आली. जमुनामावशीने वास घेतला, बोटाने माती उकरली आणि कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

"अगो बाय, खारं मासं कोन घालतं झाडाला? आमी घालतो ती बारकी, सडकी, बिनमिठाची. तुमी तर मेथीचं लोनचं घातलं!" आणि ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

मला हसू आलं नाही. भगवंत आला तशी मी कुडाशीच त्याला गाठलं.

"बघा तुमची मदत! सांगितलं होतं मी? माझं मी बघीन. मला कोणाचं काही नकोय."

"नर्मदाबाई, मला ठाऊक नव्हतं—"

"येत जाऊ नका."

तो सायकल वळवून गेला.

मेथीचं काय, मेथी पुन्हा लावता आली असती. राग मला माझाच आला होता. सगळा आठवडा मी रविवारची वाट बघायला लागले होते आणि वाट बघणं म्हणजे पुन्हा कोणाच्या तरी हाताकडे बघणंच, असं मला वाटलं. आता हा हातही कधीतरी थांबेल, याची मला भीती वाटत होती.

तो खरंच आला नाही. मी खारी माती पाटीपाटीने उपसून टाकली, भाताच्या खाचरातली माती डोक्यावरून वाहून आणली आणि नव्याने बी फेकलं. या वेळी मेथी आली ती अशी, की वाफा दिसेना. पहिली जुडी खुडून भाजी केली. एक घास घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "छान झालीय!"

खोलीत कोणी नव्हतं. मी ताट बाजूला सरकवलं. भावाला दाखवायचं होतं ते सगळं मी करून दाखवलं होतं… आणि समोर बघायला माणूस नव्हतं.

मग एका दुपारी मावशी पाटी घेऊन धापा टाकत आली. "बाय, तुमचा माळकरी चालला! त्यांची टोळी राजस्थानात नव्या कामावर निगाली. यष्टीला हुबा हाय, बोयसरला आगगाडीला जातोय."

मी चपला कशा घातल्या आठवत नाही. स्टँडवर तो ट्रंकेवर बसला होता. मला बघून धडपडत उठला.

"जाताय?" मी विचारलं.

"हो."

"सांगायला नाही आलात…"

"तुम्हीच म्हणालात, येत जाऊ नका."

"मी पुष्कळ काही म्हणते. सगळं ऐकायचं असतं का?"

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. मग हळूच म्हणाला, "चला मग माझ्याबरोबर. तिकडे क्वार्टर मिळेल, चांगलं दोन खोल्यांचं."

हो म्हणणं किती सोपं होतं!

"नाही," मी म्हणाले. "माझी पोरं आहेत बालवाडीत. आणि ती खोली माझी मी उभी केलीय. पुन्हा कोणाच्या घरी पान मांडून बसायला मी यायची नाही."

"काहून हो, मग हे सांगायला एवढ्या पळत आलात?"

"नाही." स्टँडवरची माणसं बघत होती. बघू देत. "तुम्ही या. तिकडचं काम आटोपलं की… माझ्याकडे या. खोली लहान आहे, पण दोघांना पुरेल. खाट भिंतीला उभी केली तर पुरते. मी बघितलंय करून."

"बघितलंय करून?"

माझे कान तापले. "एकटीला राहता येतं मला, भगवंतराव. चांगलं येतं. पण आता राहायचं नाहीये."

कंडक्टर ओरडायला लागला. भगवंतने ट्रंक टपावर चढवली आणि परत आला, माझ्या अगदी जवळ.

"मला भाकऱ्या येतात," तो म्हणाला. "भांडी पण घासतो. माझा भार नाही होणार तुमच्यावर… पण काम कधी संपेल ते मला ठाऊक नाही, नर्मदा."

नुसतं नर्मदा. तो पहिल्यांदाच तसं म्हणाला आणि लगेच गाडीत चढला. खिडकीतून त्याचा हात दिसत राहिला, तारापूरच्या वळणापर्यंत.

घरी आले तर जमुनामावशी ओट्यावर बसली होती.

"काय म्हनला गो?"

"येतो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही."

"नि नाय आला तर?"

"नाही आला तर रडेन." मी पायरीशी चपला काढल्या. "पण मागितलं मी, मावशी. जन्मात पहिल्यांदा कोणाकडे काहीतरी मागितलं."

मावशीने मासळीची पाटी सरकवून जागा केली आणि मी तिच्या शेजारी बसून पोटभर रडून घेतलं.