शेवटचं प्रकरण कुणी लिहिलं?

कादंबरी बसून लिहावी लागते, हे त्या काळातल्या मुलांना सांगूनही खरं वाटलं नसतं. लेखक फक्त आराखडा करत. कोण, कुठे, काय घडतं, एवढं प्रकरणवार मांडून दिलं की उरलेलं काम 'प्रतिलेखक' करी. हे यंत्र मेंदूचा नकाशा घेऊन लेखकाचं हुबेहूब मन उभं करायचं आणि त्या मनाला लेखनाची तीन-चार वर्षं काही मिनिटांत जगायला लावायचं. प्रकाशक खूश होते. लेखकांची वाट पाहण्याचा त्यांना मुळातच कंटाळा होता.

हेमलता करंबेळकर या प्रकाराला कधी बधल्या नव्हत्या. पण पंच्याहत्तरीत डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा त्या मिरजेच्या प्रयोगशाळेत डॉ. तन्वीर मुजावरांपुढे येऊन बसल्या. कादंबरी बहीण-भावाची होती. भाऊ आईचं आजारपण लपवतो, बहीण पोचते ती थेट तेराव्याला. नावं बदलली होती, एवढंच. सख्ख्या भावाशी, दिगंबरशी, त्या नऊ वर्षं बोलल्या नव्हत्या.

"शेवटचं प्रकरण कोरं आहे, बाई," मुजावर म्हणाले.

"माझी पद्धतच तशी आहे. बाकी सगळं आखते, शेवट आखत नाही. लिहिता लिहिता मीच बदलते, मग तो कळतो. या वेळी तर बदलायचंच आहे, डॉक्टर. मरायच्या आधी त्याला माफ करता यावं, म्हणून हा सगळा खटाटोप."

"मग काळजी सोडा. यंत्रातलं मनही तुमच्यासारखंच बदलेल."

समोरचा चहा संपायच्या आत कादंबरी तयार झाली.

घरी त्यांनी ती ऐकली. भावाच्या बाजूनं लिहिलेल्या प्रकरणात तो आईचं अंग पुसत होता, बहिणीला फोन लावत होता आणि ती उचलायच्या आत घाबरून बंद करत होता. भित्रा होता बिचारा, दुष्ट नव्हता. शेवटी बहीण त्याला समोर बसवून जेवू घालते. फार सुंदर जमलं होतं. हेमलताबाईंनी मनापासून दाद दिली. मग मन चाचपून पाहिलं, तर राग जागच्या जागी.

त्यांनी मुजावरांना फोन केला. "पुस्तकातल्या बहिणीनं माफ केलं. मला का जमत नाही?"

"कारण तीन वर्षं रोज त्या भावाच्या जागी जाऊन बसलं ते यंत्रातलं मन. तुम्ही चहा प्यायलात."

"मग ते मन द्या मला."

"ते आता नाही, बाई. काम झालं की पुसून टाकतो. कायदाच आहे तसा. एका माणसाची दोन मनं ठेवता येत नाहीत."

पुस्तक बाजारात आलं आणि आठवड्याच्या आत दिगंबर दारात उभा राहिला. रडून त्याचे डोळे सुजले होते.

"ताई, वाचलं गं मी. सगळं कळलं तुला. माझी भीतीसुद्धा. केलंस ना मला माफ?"

खोटं बोलायला हेमलताबाईंची जीभ वळेना. "केलं होतं रे, दिगू. पण जिनं केलं, ती आता नाही."

"तुम्हा लेखकांचं बोलणं!" तो डोळे पुसत हसला आणि खाली बसून त्यानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. हेमलताबाईंनी हात उचलला, पण तो त्याच्या केसांवरून फिरवावा असं त्यांना काही केल्या वाटेना. याला हवी असलेली बहीण नऊ वर्षांत एकदाच जन्माला आली होती, आणि शेवट यंत्राकडून लिहून घेऊन आपणच तिला पुसायला दिलं, हे त्यांना लख्ख कळलं. त्याबद्दलही त्यांना संताप आला, आणि तो दिगंबरचाच आला.