मागचं डावं चाक

ब्रेक ऑइलचा डबा आणायला मी गेले ती खारूला बाबागाडीत घालूनच. खारू म्हणजे माझी मुलगी, वय पावणेदोन. गालात काही ना काही साठवून ठेवायची तिला सवय आहे, म्हणून हे नाव. दिवसातून चाळीस वेळा मी तिला "तोंड उघड" म्हणते. बटण, खडा, पेन्सिलीचं टोक, एकदा अख्खा मुंगळा. काढताना चेहरा हसरा ठेवते. मुलांना आपली भीती कळू द्यायची नाही, असं पुस्तकात लिहिलंय.

स्पेअर पार्टवाल्याने डबा दिला आणि वर सल्लाही दिला. "ताई, ब्रेकचं काम मिस्त्रीला सांगा. त्यात हयगय नको."

"मिस्त्री मीच आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खारूकडे. "मग हेल्पर ही वाटतं?"

मी हसले, आणि घरी येईपर्यंत मला त्या तोऱ्याचा तीनदा पस्तावा झाला. माझं असंच आहे. आधी बोलून मोकळी होते आणि मग विचार करते. मी सकाळच्या शाळेत भूमिती शिकवते. इंजिनाचं पुस्तक वाचता येतं म्हणजे गाडी दुरुस्त करता येते असं थोडंच आहे? पण हिवाळाभर मी तेच करत होते. रोज दुपारी एक ते तीन, खारू झोपलेली असताना.

गाडी बाबांची. शेवाळी रंगाची, पुढे दोन गोल दिवे, मागे माशाच्या शेपटीसारखे उचललेले कोपरे. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ती तेवीस वर्षं चार लोखंडी घोड्यांच्या टेकूवर, ताडपत्रीखाली उभी होती. आईचे गुडघे कुरकुरायला लागले म्हणून आम्ही तिच्याकडे राहायला आलो. त्याच आठवड्यात आई म्हणाली, "थंडी संपली की भंगारवाल्याला बोलावते. घेऊन जाऊ दे एकदाची."

"थंडी संपली की मी ती चालवत बाहेर काढीन," मी म्हटलं.

आई गुडघे धरत उठून आत गेली. त्या गॅरेजबद्दल ती कधीच काही बोलत नाही. तेवीस वर्षांत तिने त्यात पाऊल टाकलेलं नाही.

आता तेवीस वर्षांपूर्वीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली की ब्रेक लागत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पाय पॅडलवर ठेवायचा. दुसऱ्याने गाडीखाली चाकामागे निजून एक छोटा स्क्रू सैल करायचा. खालचा म्हणतो, "दाब." वरचा दाबतो. खालचा म्हणतो, "धर," आणि स्क्रू सोडतो. बुडबुड्यांसकट ऑइल बाटलीत येतं, पॅडल हळूहळू खाली बसतं. मग खालचा स्क्रू आवळतो आणि म्हणतो, "सोड." तोवर वरच्याने पाय हलवायचा नाही. हलवला की हवा परत आत, आणि सगळी मेहनत पाण्यात.

बाबा खाली असायचे. वर मी. मी नऊ वर्षांची होते, पाय पुरायचे नाहीत, म्हणून बाबा सीट पार पुढे ओढून द्यायचे. स्क्रूवरची रबरी टोपी हरवू नये म्हणून ती दातांत धरायचे. त्यामुळे त्यांचा आवाज दातांमधून गाळून यायचा. "दाब… धर… सोड." मला हसू यायचं.

त्या दिवशी शेवटचं चाक राहिलं होतं. मागचं डावं. "दाब" आलं. "धर" आलं. "सोड" आलंच नाही.

मी धरून राहिले. पाय थरथरायला लागला, मग दुसरा पाय त्याच्यावर ठेवला. काचेवरचं धुकं विरघळून ओघळताना बघत बसले. आई जेवायला बोलवायला आली तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. मी तिला म्हटलं, "थांब ना, बाबांनी अजून सोड म्हटलं नाही."

बाबा वाचले नाहीत. त्यावरून मला कोणी बोललं नाही. फक्त आत्या दवाखान्याच्या जिन्यात कुणाला तरी म्हणाली, "जरा लवकर कळलं असतं तर…" ते वाक्य तिने पुरं केलं नाही. मी अजून रोज ते पुरं करते. एक हाक मारायला काय झालं होतं? वाकून बघायला काय झालं होतं? स्वतःची मुलगी झाल्यापासून तर जास्तच. ज्या बाईला चाळीस मिनिटांत साधी एक हाक मारता आली नाही, तिच्या हातात लेकरू दिलंय कोणी?

म्हणून ती गाडी मला भंगारात द्यायची नव्हती. भंगारात गेली असती, तर माझा पाय कायमचा त्या पॅडलवरच राहिला असता. ती मला बाहेर काढायची होती. स्वतः, रस्त्यावर, ब्रेक लावत.

हिवाळाभर एक गोष्ट होत राहिली. काम संपलं की मी पाने पुसून ट्रेमध्ये ओळीने लावायची. दुसऱ्या दिवशी ओळीतला सर्वांत लहान पाना नसायचा. तो मागच्या डाव्या चाकापाशी, त्या स्क्रूवर चढवलेला असायचा. नीट बसवलेला, जणू कुणी चहा प्यायला उठून गेलंय आणि आत्ता परत येईल.

पहिल्यांदा म्हटलं, मीच विसरले. खारू झाल्यापासून माझी झोप अशी तुकड्यातुकड्यांची आहे, की चष्मा फ्रिजमध्ये सापडतो. तिसऱ्या वेळी नवऱ्याला विचारलं.

"मी? मला पाना आणि पक्कड यातला फरक तरी कळतो का?" तो म्हणाला. ते खरं आहे. तो जनावरांचा डॉक्टर आहे.

सहाव्या वेळी मी पाना काढला, ट्रेमध्ये आपटला आणि मोठ्याने म्हटलं, "कळलं. पण आधी बाकीची तीन चाकं. मी सांगेन त्या क्रमाने."

मग कुणाशी बोललो आपण, हे लक्षात आल्यावर तशीच आत पळाले आणि झोपलेल्या खारूशेजारी पाचेक मिनिटं बसून राहिले. नंतर मात्र परत गेले. कार्ब्युरेटर अर्धा उघडा टाकून चालत नाही.

शेवटी ब्रेकचा दिवस आला. रविवार होता. नवरा पॅडलवर, मी खाली. तीन चाकं झाली. नव्या रबरी टोप्यांच्या पाकिटात चारऐवजी तीनच निघाल्या होत्या, त्या बसवून टाकल्या. चौथ्याकडे सरकणार, तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला.

"कुत्र्याने मोजा गिळलाय," तो उतरत म्हणाला. "अगं, जावं लागेल. राहू दे ना आता, संध्याकाळी करू."

तो गेला. दोन वाजून गेले होते. बाहेर धुकं खिडकीला टेकून उभं होतं. आई आतल्या खोलीत पडली होती. खारू स्वतःच्या पलंगात, आणि डॅशबोर्डवरच्या बेबी मॉनिटरमधून तिचा श्वास येत होता… आत, बाहेर, आत. तीन चाकांनी पॅडल किती घट्ट झालंय ते बघावं, म्हणून मी आत जाऊन बसले. पाय नुसता टेकवला.

खालून आवाज आला. दातांमधून गाळलेला.

"दाब."

माझ्या पायाने माझं ऐकलं नाही. त्याने त्यांचं ऐकलं.

"धर…"

पॅडल हळूहळू खाली जाऊ लागलं. कुणीतरी स्क्रू सैल केल्याशिवाय ते असं जात नाही. ते तळाला टेकलं. ब्रेक ऑइलचा कडवट वास वर आला आणि त्याच्यामागून दाढीच्या साबणाचा. मग सगळं थांबलं. अगदी तसंच.

मी वाट पाहिली. खरंच पाहिली. तिशी ओलांडलेली बाई मी, आणि पायावर पाय ठेवून बसले होते.

मॉनिटरमध्ये खारू जागी झाली. कुरकुरली. "आईऽ…" मग मोठ्याने. पाय उचलायला गेले तर गुडघ्याखाली माझं काही नव्हतंच. रडणं वाढलं आणि एकदम थांबलं. पलंगाचा कठडा वाजला. अनवाणी पावलं… थप, थप, थप… मॉनिटरमधून दूर गेली आणि घरातल्या बाजूने जवळ आली.

गॅरेजचं आतलं दार ढकलून खारू उभी राहिली. डोळे चोळत तिने माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या डाव्या चाकाकडे. मग ती ओणवी झाली, गाडीखाली बघून हसली आणि घोड्यांवर उभ्या असलेल्या गाडीखाली रांगत जाऊ लागली.

"बाबा," मी म्हटलं. "बाबा, सोडू?"

काही नाही…

"सोडू का हो?"

खारूची पावलं तेवढी बाहेर दिसत होती. आणि मला आला तो राग. भीती होतीच, पण तिच्याही वरताण राग.

"एकदा ऐकलं तुमचं," मी ओरडले. "चाळीस मिनिटं ऐकलं. नंतर तेवीस वर्षं ऐकलं. आता नाही ऐकणार. हवा शिरायची तर शिरू दे, ब्रेक गेला तर जाऊ दे. मी सोडतेय!"

आणि पाय उचलला. सिमेंटमधून उपटावा तसा. दार उघडून खाली पडले आणि खारूला दोन्ही पायांना धरून ओढून काढलं. ती ठणठणीत होती, नाकाला ग्रीस. गाडीखाली कोणी नव्हतं. पाना स्क्रूवर होता.

मागे आई उभी होती. गॅरेजमध्ये. माझ्या ओरडण्याने धावत आली होती, त्या गुडघ्यांनी.

"तू कशाला स्वतःकडे दोष घेतेस?" ती भिंतीला धरून म्हणाली. "त्या दिवशी पाना पडलेला मी ऐकला होता. स्वयंपाकघरात. सकाळपासून भांडण झालं होतं आमचं. म्हटलं, पडू दे. उचलतील त्यांचं ते." तिने पदर तोंडाला लावला. "तू लहान होतीस गं. मी कुठे होते लहान?"

आम्ही तिघी बराच वेळ तिथेच फरशीवर बसलो. ग्रीस सगळ्यांनाच लागलं.

आता खरं तर त्या चाकात हवा शिरायला हवी होती. मी "सोड"च्या आधी पाय काढला होता. पण तपासलं तर स्क्रू गच्च आवळलेला, बाटलीत ऑइल बुडबुड्यांसकट उतरलेलं, आणि पॅडल दगडासारखं. मी पन्नास वेळा दाबून पाहिलं. मग फाटकापर्यंत चालवून पन्नास वेळा.

पुढच्या रविवारी आईने आधीच सांगून ठेवलेला भंगारवाला आला तेव्हा मी त्याच्यासमोरून गाडी बाहेर काढली. मागे सीटला नवे पट्टे बसवले होते. खारू तिच्या सीटमध्ये जखडलेली, शेजारी आई. भंगारवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं. मी हॉर्न दिला, गरज नसताना. दोनदा.

गावाबाहेरच्या रस्त्यावर संध्याकाळ उतरत होती. आई मागून म्हणाली, "अगं, हिच्या तोंडात काहीतरी आहे बघ."

मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद, हँडब्रेक वर, किल्ली खिशात. मागचं दार उघडलं.

"तोंड उघड."

खारूने दात आवळले. दातांमधूनच म्हणाली, "धल…"

बोट घालून काढलं. जुनी, कडक झालेली रबरी टोपी. तिच्यावर दातांचे खोल वण होते. दुधाच्या दातांचे नव्हते ते, मोठ्या माणसाचे होते.

पूर्वीची मी असते तर ती शेतात भिरकावून घराकडे पळत सुटले असते. पण मी तशीच मागच्या डाव्या चाकापाशी गुडघ्यांवर बसले, हात आत घातला आणि टोपी त्या स्क्रूवर दाबली. टच् करून बसली. जिथली तिथे.

तेव्हा लक्षात आलं की माझे हात लाल दिसताहेत. मागचा ब्रेकचा दिवा लागला होता. पॅडल दाबल्याशिवाय तो लागत नाही. किल्ली माझ्या खिशात होती, आणि पुढे कोणी नव्हतं.

भीती वाटली. खोटं कशाला सांगू? पण त्या लाल उजेडात एकदम कळलं, की कुणीतरी अजून वाट पाहतंय. आणि खाली चाकापाशी आज मी होते. म्हणजे सांगायचं मीच.

"सोड, बाळ," मी म्हटलं. "झालं काम. सोड आता."

दिवा विझला.

मी उठून पुढे गेले. बसायला वाकले तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट पुढे ओढलेली होती, पार पुढे.

मी मागे वळून आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या सीटकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते.

"तुझ्या वेण्या तेव्हा किती लांब होत्या गं…" ती म्हणाली.